टोपल्यांचं माहेर

माझ्या आईला वर्षातून एकदाच माहेर मिळायचं, आणि तेही टोपल्या धुण्याच्या निमित्तानं.

साऱ्या जगाच्या लेकी दिवाळीला, भाऊबीजेला माहेरी जातात. पण आम्ही पडलो कोसेवाले ढिवर, रानात रेशमाचे कोश पिकवणारे. कोशाचं दुसरं पीक ऐन दिवाळीत रानात असतं. बाबा येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांखाली हातात गुलेल घेऊन बसलेले, कारण किडे पाखरांना कळले की संपलंच. त्यांचं जेवण रानात पोचवायचं, घरी म्हातारी सासू सांभाळायची, माझ्या वेण्या घालायच्या. आईला कोण सोडणार? म्हणून तिचं माहेर पोळ्यानंतर, दोन पिकांच्या मधल्या सवडीत. आमच्या घरी तसा नेमच होता. ज्या टोपल्यांतून किडे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न्यायचे, त्या टोपल्या पोळा झाला की सुनेच्या माहेरच्या तलावात धुवून आणायच्या. नाही धुतल्या तर किडा सडतो. माझी आजी कुणाच्या बापाला भिणारी नव्हती, पण या नेमापुढं तिनंही हात टेकले होते.

आई डोक्यावर टोपल्यांची उतरंड घेऊन खैरबोडीला निघायची आणि तिच्या मागून मी. खैरबोडीचा तलाव दिसला की तिची चाल बदलायची. सासरी तोंडातल्या तोंडात बोलणारी माझी आई तिथं पारीवर, तलावाच्या बांधावर, उभी राहून पलीकडच्या काठावरच्या बाईला नावानं हाक मारायची. टोपल्या धुवायला काय लागतं? घटकाभर. आई मात्र तीन-तीन दिवस धूत असे. परत येताना टोपल्यांत तळ्यातलं ओलं शेवाळ भरलेलं असायचं, पुढच्या किड्यांना गारवा मिळावा म्हणून. घरी पोचेपर्यंत तिच्या मानेवरून पाणी ओघळत असायचं आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

हे सगळं मला पुण्यात, प्रयोगशाळेत, माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षी आठवायला लागलं. कारण झालं पेब्रिन.

पेब्रिन हा रेशीमकिड्यांचा जुना रोग. पण २०४१च्या त्या भयंकर उन्हाळ्यानंतर तो असा पसरला की भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत येनाची रानं रिकामी पडली. किडा ढिला पडतो, आखडतो आणि फांदीवरच लोंबकळत मरतो. हा रोग करणारा जीव एकपेशी आहे, बुरशीच्या भावकीतला. त्याच्या कुळाचं नाव मायक्रोस्पोरिडिया. त्याच्या बीजाणूच्या आत एक नळी गुंडाळून ठेवलेली असते. किड्याच्या पोटात गेला की ती नळी झटक्यात बाहेर सुटते, पेशीला भोक पाडते आणि तिच्यातून हा पाहुणा आत उतरतो.

आणि पाहुणा कसला, घरजावईच. प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. अन्न जाळून ऊर्जा तयार करणारी ती पेशीची चूल. या पठ्ठ्यानं कोट्यवधी वर्षांपूर्वी आपली चूल मोडून टाकली. दुसऱ्याच्या घरात आयतं शिजलेलं मिळतंय, तर सरपण कोण गोळा करणार? चूल गेली, मग चूल पेटवायची जनुकं गेली, मग हळूहळू इतरही शेकडो जनुकं गळाली. ज्या जनुकाची गरज पडत नाही ते बिघडलं तरी कुणाचं अडत नाही, आणि एकदा गळालेलं जनुक आपसूक परत येत नाही. आता हा जीव जन्मभर यजमानाच्या ताटातलं ओरपतो आणि यजमानाला उपाशी मारतो.

पण या भावकीच्या अगदी बुडाशी, जिथं पहिल्या फांद्या फुटल्या, तिथं काही जुनी घराणी अजून तग धरून आहेत. त्यांची चूल शाबूत आहे. तीही परजीवीच, दुसऱ्याच्या घरात राहणारीच, पण आपलं आपण रांधून खाणारी. त्यांच्यामुळं यजमान मरत नाही. असं एक घराणं सापडलं ते माझ्या बाबांच्या किड्यांत.

सापडलं तेही बाबांच्या हट्टीपणामुळं. बेण्याची अंडी निरोगी आहेत का हे तपासायची एकच रीत आहे. अंडी घालून झालेल्या मादीचं पोट चुरडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. तांदळाच्या कणीसारखे चकाकते बीजाणू दिसले की तिची अंडी जाळायची. तपासणीची माणसं आमच्या गावी, पळसटोल्याला आली, त्यांनी बाबांच्या माद्या पाहिल्या, तर एकूणएक मादी बीजाणूंनी भरलेली. त्यांनी सगळं बेणं जाळायला सांगितलं. बाबांनी काठी उचलली.

"डोरे नाई का तुमाले?" ते म्हणाले. "माहे किडे चांगले पाला खाऊन रायले अन तुमी जाराले निंगाले?"

गोष्ट खरी होती. आजूबाजूची रानं ओस पडली होती आणि बाबांच्या येनांवर बोटाएवढे हिरवेगार किडे चरत होते. तपासणीवाल्यांनी वैतागून मला फोन केला, की मॅडम, तुमच्या वडिलांना समजवा. मी समजवायला गेले आणि डब्यात चार माद्या घालून पुण्याला घेऊन आले.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मुबीना तांबोळी. त्यांनी बाबांच्या किड्यांतल्या परजीवीचा जनुकसंच पडद्यावर पाहिला आणि खुर्चीतून उठून मला मिठी मारली. चुलीची जवळजवळ सगळी जनुकं जागेवर होती. एखाददुसरं मोडकळीला आलेलं, बस्स. हा जुना, गरीब स्वभावाचा परजीवी किड्याच्या पोटात आधी राहायला आला की मारक्या पेब्रिनला शिरायला जागाच उरत नाही. मुबीना मॅडमना तिथल्या तिथं उपाय दिसला. याला भरपूर वाढवायचं आणि कोसेवाल्यांना फवारायला द्यायचं. दुसऱ्या पिकाला प्रत्येक रानात बाबांच्या रानासारखे किडे दिसतील.

वाढवायला आमच्याकडं यंत्र होतं. आम्ही त्याला रहाट म्हणायचो. काचेच्या कोठ्यांत किड्याच्या पेशी वाढायच्या, परजीवी त्यांत सोडला जायचा, एक कोठी भरली की आपोआप पुढच्या कोठीत. सगळं ऊबदार, सगळं पौष्टिक. रानात अनेक वर्षांत होतील एवढ्या पिढ्या रहाटात एका मोसमात होत. आम्ही खूश होतो. मी बाबांना फोनवर सांगितलंही, "बाबा, तुमचे किडे सगळ्या विदर्भाला वाचवणार." ते म्हणाले, "बरं." त्यांच्या 'बरं'मध्ये आनंद, शंका, भूक, काहीही असू शकतं.

पोळा जवळ आला तसा मी फवाऱ्यासाठी तयार केलेला माल पुन्हा वाचायला घेतला. वाचायला म्हणजे त्याचा जनुकसंच. चुलीची निम्मी जनुकं मोडली होती.

कारण उघड होतं, आणि तेच मला जास्त लागलं. आम्ही त्याचे फार लाड केले होते. रहाटात पुढ्यात सतत भरलेलं ताट, मग चूल मोडली तरी कुणाचं काय अडतंय? कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याच्या भाऊबंदांचं जे झालं तेच आम्ही एका पावसाळ्यात करून दाखवलं होतं.

"अजून तो किड्यांना मारत नाही ना?" मुबीना मॅडमनी विचारलं.

"अजून नाही. पण त्याच रस्त्याला लागलाय. दोन-तीन पिकांत तो पेब्रिनसारखाच होईल. आणि तेव्हा तो प्रत्येक रानात असेल, कारण आपणच नेऊन सोडलेला असेल."

"दोन-तीन पिकं तर मिळतील." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रंजिता, तिकडं लोक घरांना कुलपं लावून हैदराबादला बांधकामावर चाललेत. त्यांना काय सांगू? जंतूची चूल मोडतेय, जरा थांबा?"

"रानात सोडलेलं परत बोलावता येत नाही, मॅडम."

"मग शाबूत चुलीचा आणून दे. तुझ्या वडिलांकडून नव्या माद्या आण."

नव्या माद्या मी आधीच मागवल्या होत्या. त्यांच्यातल्या परजीवीचं वाचन माझ्या टेबलावर होतं. बाबांच्या रानातही जनुकं गळायला लागली होती. रहाटाच्या मानानं हळू, पण दरवर्षी थोडी थोडी. मी ते वाचन मॅडमपुढं सरकवलं. त्या म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत थांबते. त्यानंतर मी माझ्या जबाबदारीवर माल पाठवणार."

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. खरं तर काही विचारायचं नव्हतं. हरल्यासारखं वाटत होतं आणि घरचा आवाज ऐकायचा होता.

"यंदा किडा ढिला पडून रायला, रंजू," तेच म्हणाले. "तुही माय गेली तवापासून किडा पह्यलेसारका नाई रायला."

आई जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. हे वाक्य बाबा दर फोनला बोलत आणि मी दर वेळी त्यात त्यांचं एकटेपण ऐकून विचारत असे, "बाबा, तुम्ही वेळेवर जेवता ना?" त्या दिवशी पहिल्यांदा मी ते वाक्य जसंच्या तसं ऐकलं. बाबा आईबद्दल बोलत नव्हते. ते किड्यांबद्दल बोलत होते.

"बाबा, तुम्ही टोपल्या कुठं धुता?"

"घरच्या बोडीत. खैरबोडीले आता कोनाले धाडू?"

बोडी म्हणजे घरामागचं छोटं तळं, उन्हाळ्यात आटणारं. मी फोन ठेवला. खैरबोडीचं पाणी. ओलं शेवाळ. त्या शेवाळात वळवळणाऱ्या बारीक जलपिसू, ज्यांना मी लहानपणी ओंजळीत धरून उन्हात बघायची. आमच्या परजीवीचे सगळ्यांत जवळचे जुने नातेवाईक सापडतात ते जलपिसूंमध्येच. जलपिसू म्हणजे काय, टाचणीच्या डोक्याएवढी, आज आहे उद्या नाही. तीच उपाशी, तिच्याकडून चोरणार काय? तिच्या पोटात राहायचं तर आपली चूल आपल्यालाच पेटवावी लागते. म्हणजे तलावात परजीवीची चूल शाबूत राहत होती, आणि आई दरवर्षी तिथून टोपल्यांतून तो ताजा माल आणून किड्यांना देत होती. आई गेली, टोपल्यांचं माहेर तुटलं आणि बाबांचे किडे सुखवस्तू परजीवीच्या हाती लागले.

हा अंदाज खरा ठरला तर ठरला, नाहीतर बाबांचं बेणंही संपलं. मी नागपूरचं विमान पकडलं, पळसटोल्याहून टोपल्या उचलल्या आणि खैरबोडी गाठली.

सरकारी भाषेत आमच्याकडच्या या माजी मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात. हा तर खरोखरच माझ्या मामाचा तलाव. मामा आता नाही. मामी आहे, कौतिकामामी, अजून पारीवर बसून मासळी विकते. तलाव अर्धा गाळानं भरला होता, एका बाजूला शिंगाड्याचे वेल पसरले होते. मी गुडघाभर पाण्यात शिरले, फडक्यातून पाणी गाळलं, गोळा झालेल्या जलपिसू जनुकं वाचणाऱ्या खिशातल्या यंत्रात घातल्या आणि मामीशेजारी येऊन बसले. यंत्राला वेळ लागणार होता.

"सगुनाची पोरगी थेट सगुनासारकीच पाण्यात शिरते," मामी म्हणाली. "पन ती अशी तोंड पाडून नाई बसे."

मी तिला सगळं सांगितलं. रहाट, चूल, गळालेली जनुकं. मामीनं मन लावून ऐकलं. मग मी म्हटलं, "नशीब आमच्या घरी तो नेम होता. टोपल्या सुनेच्या माहेरच्या तलावात धुवायचा."

"कोनता नेम?"

"तोच. नाही धुतल्या तर किडा सडतो."

मामी माझ्याकडं पाहत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली, की पुढ्यातल्या मासळीवरचं फडकं उडालं. "अवं पोरी, असा नेम कोनाच्याच घरी नाई! ना तुह्या बापाच्या घरी होता, ना आमच्या. लगनाच्या पह्यल्या साली सगुनाले दिवारीले धाडलं नाई. लय रडली. मंग तिनंच काढला तो नेम. सासूले म्हने, आमच्या गावात एक बाबाजी येऊन सांगून गेला. अन इथंच, ह्याच पारीवर बसून आमी दोघी खीखी हासो."

मला आधी हसू आलं आणि मग रडू, आणि मग दोन्ही एकदम. माझ्या आईनं थाप मारली होती. वीस वर्षांच्या, घरची आठवण येणाऱ्या एका पोरीची ती साधी थाप, आणि तिच्यावर बाबांचं बेणं आजवर टिकून होतं. त्या क्षणी मला आईची आठवण जितकी आली तितकी तिच्या चितेपाशीही आली नव्हती.

मांडीवरचं यंत्र वाजलं. मी डोळे पुसून पडदा पाहिला. एक जनुक, दुसरं, तिसरं. मी शेवटपर्यंत गेले, पुन्हा वरून सुरुवात केली. चूल शाबूत होती. सगळीच्या सगळी.

मुबीना मॅडमना तिथूनच फोन लावला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता सगळं ऐकलं आणि मग म्हणाल्या, "फवारा रद्द करते. रहाट आजच बंद. पण रंजिता, मग हे तलावातून दरवर्षी न्यावं लागणार. रानोरानी, हातानं."

"हो. जवळचा तलाव शोधायचा, जलपिसू तपासायच्या, टोपल्या भिजवायच्या. हळू होईल. या वर्षी थोडी रानं, पुढच्या वर्षी थोडी. पण टिकेल."

"काही लोक तोवर थांबणार नाहीत."

"नाही थांबणार," मी म्हटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडत होती तेव्हा, मी टोपल्या घेऊन पळसटोल्याला आले. खैरबोडीच्या पाण्यात नीट धुतलेल्या, ओल्या शेवाळानं भरलेल्या. बाबा रानातच होते. येनाखाली बसून गुलेलीचं रबर बदलत होते. त्यांनी टोपली हातात घेतली, शेवाळात बोटं खुपसली, वास घेतला आणि मान हलवली. मग दोघं मिळून आम्ही ते शेवाळ फांद्यांवर पसरायला लागलो, लहान किडे जिथं सोडायचे होते तिथं.

मामीनं सांगितलेलं बाबांना सांगावं की नाही, मला कळेना. जन्मभर या माणसानं तो नेम पाळला होता. बायकोनं आपल्याला फसवलं हे आता, या वयात, कशाला कळायला हवं? पण माझ्या पोटात काही राहत नाही.

"बाबा, तो टोपल्यांचा नेम मुळात कुणी काढला?"

"तुह्या मायनं," ते म्हणाले. फांदीवरची नजर काही हलली नाही.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"पह्यल्याच साली." बाबांनी एक किडा अलगद पानावर ठेवला. "माहेरून वापस आली तं टोपल्या कोरड्या ठन. जशा नेल्या तशाच घान. गप्पाच्या नादात धुवाच्या भुलली. तुही आजी दारातच बसून होती. म्यां तिच्या डोक्यावरच्या टोपल्या मांगल्या मांगंच उतरवल्या, बोडीत बुडवल्या अन वल्या करून घरात आनल्या."

मी टोपलीतलं शेवाळ पुढच्या फांदीवर पसरलं.

"मंग पुढल्या साली तिले म्हटलं, बाई, थाप मारली तं मारली, पन टोपल्या तरी धुवून आनत जाय." ते गालातल्या गालात हसले. "तिले जायाले कारन पायजे होतं. अन मले ती वापस आलेली पायजे होती. हासत ये ती खैरबोडीहून. लय दिस पुरे तिचं हासनं."

वाऱ्यानं येनाची पानं हलली. बाबांनी वर पाहून पाखरांचा अंदाज घेतला. पाखरं नव्हती.

"तू कवा जाशीन?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"पुढल्या पोळ्याले टोपल्या धुवाच्या रायतीन."

"त्याची सोय होईल बाबा. प्रयोगशाळेची माणसं येतील आता दरवर्षी. गाडी येईल."

बाबांनी शेवटची टोपली झटकली आणि माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत मी किती वेळा 'सोय होईल' म्हणाले होते ते त्यांनी मोजलं नव्हतं, पण मला एकदम सगळं आठवलं. सोय झाली म्हणून न आलेल्या दिवाळ्या, सोय झाली म्हणून फोनवरच उरकलेलं आईचं आजारपण. सगळं आयतं होतं, आणि माझंही बरंच काही गळून गेलं होतं.

"गाडीवाल्याच्या हातून चालत नाई," बाबा म्हणाले. "घरच्या लेकीनंच धुवा लागते. नेम हाय."

मी टोपली छातीशी धरली. तिचं पाणी माझ्या साडीवर ओघळत होतं.

"हाव बाबा," मी म्हटलं. "नेम हाय."